मार्तेझनं बांधलेली दुसरी वाट

आमच्या बेटावरच्या रेंदी गावात माणसाला आडनावानं कोणी ओळखत नाही. मिफसूद म्हणून हाक मारलीत तर अर्धा चौक मान वर करील. घराण्याला गावानं दिलेलं नाव सांगावं लागतं. मार्तेझ ही खिळेवाल्यांची. तिच्या पणजोबानं चर्चच्या दाराचे खिळे ठोकले की चोरले, यावर आमच्याकडे अजून दोन मतं आहेत, आणि खरं कोणतं ते तुम्ही क्लबात कोणाच्या शेजारी बसलाय त्यावर ठरतं.

चाळिशी ओलांडलेली बाई. केस आखूड, अंगानं काटकुळी, चालणं असं की पुढं कुठंतरी हिची बस सुटतेय. लग्न केलं नाही. आईनं त्याबद्दल विचारायचं सोडलं तेव्हा मार्तेझला बरं वाटायचं सोडून धसकाच बसला, की आईची तब्येत बिघडली की काय. काळजी तिच्या हाडात आहे. सणाला दारूकाम सुरू झालं की सगळं गाव तोंड वर करून आभाळ बघतं. ही खाली बघत उभी, बाणाची जळकी काठी कुणाच्या डोक्यावर पडतेय ते.

नोकरी तिकडं ग्झिराला, समुद्रासमोरच्या काचेच्या इमारतीत. इंटरनेटवर जुगार खेळवणारी कंपनी. आकडे फिरतात, पत्ते पडतात, ते काम दुसऱ्यांचं. हिच्याकडं पैशांच्या वाटा. खेळणाऱ्याच्या बँकेतून पैसे आत यायचे, जिंकला तर बाहेर जायचे. मध्ये अडकायला नकोत, दोनदा जायला नकोत, वाटेत नाहीसे व्हायला नकोत. लेक काय करते असं कोणी विचारलं की आई सांगायची, नळाचं काम करते, पैशाच्या नळाचं. मार्तेझला त्याची लाज वाटायची, पण त्याहून चांगलं उत्तर तिलाही सुचलं नव्हतं.

आत येणारे पैसे एका बाहेरच्या कंपनीच्या हातून यायचे. ती कंपनी बसली की इकडं सगळं ठप्प. एका फुटबॉलच्या अंतिम सामन्याला नेमकं तसं झालं. सामना संपेस्तोवर एक पैसा आत आला नाही, आणि मार्तेझचा साहेब कर्ट शेरी ऑफिसभर चेहरा टाकून फिरला. मग हिवाळाभर खपून मार्तेझनं दुसरी वाट बांधली. दुसरी कंपनी धरली, आणि प्रोग्राम असा लिहिला की पहिली वाट गप्प झाली की पैसे आपसूक दुसरीकडं वळावेत. खेळणाऱ्याला पत्ता लागू नये.

आता वाट बांधली म्हणून झालं असं होत नाही. ती चालते का हे बघायला पहिली वाट मुद्दाम बंद करावी लागते, तीही खऱ्या पैशांवर. हे करायचं कधी? ही कंपनी बेटावरच्याच लोकांना खेळवणारी. कर्ट म्हणाला, सांता मारियाच्या दिवशी. ऑगस्टच्या मध्यावरचा मारियामातेचा तो सण म्हणजे सगळं बेट एक तर पाण्यात, नाही तर गावच्या चौकात. त्या दिवशी खेळतंय कोण, सैतानसुद्धा पोहायला गेलेला असतो, असं त्याचं म्हणणं. सांता मारिया आमच्या रेंदीचा गावसण. तरी मार्तेझ हो म्हणाली. दुपारपर्यंत मोकळी होईन, मूर्ती तर संध्याकाळी निघते, असा तिनं हिशेब केला.

इथं नेनूमामाचं सांगायला पाहिजे.

नेनू फरूजा हा मार्तेझच्या आईचा धाकटा भाऊ. जन्मभर खाणीत दगड कापला. करवतीच्या आवाजानं एक कान गेलाय, त्यामुळं सगळ्यांशी ओरडून बोलतो आणि लोकांना वाटतं भांडतोय. चेत्तामामी गेली आणि त्याच्या हातात फोन आला. आधी रंगीत फळांचा काहीतरी खेळ होता. मग चाक आलं, मग पत्ते. होडी विकली. मग टेम्पो विकला. चेत्तामामीची साखळी कधी गेली ते कळलंच नाही. तिच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला लेकीनं ऑस्ट्रेलियातून ती मागितली तेव्हा कळलं. लेक ओरडली नाही. पुन्हा खेळलास तर मला बाप नाही, एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

ईस्टरच्या आधीच्या उपासांत मामा बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि मार्तेझला म्हणाला, "पोरी, मला त्यातनं भाईर काढ. माझ्यानं व्हत न्हाई."

आमच्याकडे एक सरकारी यादी असते. ज्याला स्वतःवर भरवसा नाही त्यानं त्यात आपलं नाव घालावं. मग कुठल्याच कंपनीनं त्याचे पैसे आत घ्यायचे नाहीत. पैसे आले की आधी यादीला विचारायचं. मार्तेझनं तिथंच टेबलावर फॉर्म उघडला. मामानं सांगितलं, तिनं भरलं, धाडून दिलं. त्यानंतर माणूस बदलला. संध्याकाळी बोच्चीचे लाकडी गोळे टाकायला येऊ लागला. ईस्टरला लेकीचा फोन आला तर तो इतका मोठ्यानं बोलला की आमच्या गल्लीनं सगळं ऐकलं. आमच्या पोरीनं दार लावलं माझं, असं तो क्लबात सांगायचा, जसं काही तिनं त्याला नवीन किडनी दिलीय.

सांता मारियाच्या सकाळी ऑफिसात दोघीच. मार्तेझ, आणि तिच्या हाताखालची देसी. ही देसी प्लोव्दिवची, बल्गेरियातली. इथं येऊन आता पक्की झालेली, पण सूर्यफुलाच्या बिया फोडायची सवय सुटलेली नाही. कर्ट होडीवर होता, फोन जवळ ठेवीन म्हणाला होता. येताना मार्तेझनं चीज भरलेल्या गरम पास्तित्सी आणल्या, आणि मग एकही खाल्ली नाही.

पहिली वाट बंद केली. थोडा वेळ पडद्यावर काही हललं नाही, मार्तेझनं टेबलाची कड धरली. मग एक ओळ आली, मागून दुसरी. पैसे दुसऱ्या वाटेनं येत होते. देसीनं बियांची पुडी पुढं केली. कर्टला कळवलं तर त्यानं समुद्राचा फोटो पाठवला.

सणामुळं गर्दी नव्हतीच. ओळी सावकाश सरकत होत्या. नाव त्यात नसतं, फक्त गाव आणि रक्कम. नाव उघडायचं तर कारण लिहावं लागतं, कोणी उघडलं याची नोंद राहते, आणि नातलगाचं खातं उघडलं तर नोकरीच जाते. मार्तेझ नुसत्या ओळी बघत होती.

रेंदी, पाच युरो.

तिला जरा गंमत वाटली. आज रेंदीतला माणूस, बँड चौकात आलेला, आणि हा फोनवर. कोण असेल बरं? मग पुन्हा रेंदी, वीस. मग पुन्हा, पन्नास. तिची गंमत गेली. कर्ट म्हणाला होता त्या दिवशी खेळतंय कोण. खेळतं ते असलं माणूस, तिला वाटलं. ज्याला पाण्यातही जायचं नाही आणि चौकातही. सगळ्या दिवसांतला नेमका हाच दिवस आपण निवडला.

नेनूमामा तिच्या डोक्यात आला आणि तिनं त्याला बाहेर काढलं. मामाचं नाव यादीत होतं. दुसऱ्या वाटेवरही यादीला विचारायचं काम तिनं स्वतः लिहिलं होतं. चाचणीसाठी त्यांनी एक बनावट माणूस करून ठेवला होता, झेप्पी नावाचा, यादीत नाव असलेला. तिनं देसीला झेप्पीचे पैसे टाकून बघायला सांगितलं. टाकले. वाटेनं ‘नाही’ सांगून परत पाठवले. पुन्हा टाकले, पुन्हा नाही. बघा, दार लागलेलं आहे.

तरी तिनं आईला फोन लावला. मागं बारांचा दणका, आई रागावलेली, ओव्हनमध्ये तिंपाना, आणि ही पोरगी विचारतेय मामा कुठंय. मामा चौकात नव्हता. बँडच्या पोरांना पाणी द्यायचं काम त्याच्याकडं होतं, तिकडंही फिरकला नव्हता. क्लबवाले शिव्या देत होते. डोकं दुखतंय म्हणाला असेल, आई म्हणाली, आणि ओव्हनकडं पळाली. मार्तेझनं मामाला फोन लावला. वाजत राहिला.

रेंदी, शंभर.

झेप्पीचं दार लागतंय, मग उघडतंय कोणाचं? ती डोळे मिटून त्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. मामा समोर, टोपी गुडघ्यावर. नाव. जन्मतारीख. ओळखपत्राचा नंबर. मामानं कार्ड काढलंच नव्हतं. पाठ असलेला नंबर त्यानं ओरडून सांगितला, आणि तिनं तसाच लिहिला.

आमच्यात ओळखपत्राच्या नंबराआधीची शून्यं कोणी बोलत नाही. कार्डावर असतात, तोंडात नसतात. दवाखान्यात, बँकेत, पोलिसात, सगळीकडं आम्ही शून्यांपुढचाच नंबर सांगतो, आणि लिहून घेणारा आपलाच असतो, त्याला कळतं. पहिल्या वाटेचा जुना प्रोग्राम कुणा आपल्याच माणसानं लिहिला असणार. तो यादीला दोन्ही तऱ्हेनं विचारायचा, शून्यासकट आणि शून्याविना. मार्तेझनं दुसरी वाट नियमानं लिहिली होती. कार्डावर जसा नंबर, तसाच यादीत शोधायचा. झेप्पीचा नंबर त्यांनी ऑफिसात बसून केलेला, पुरता, शून्यासकट. देसीकडून ही चूक झाली असती तर कोणी काही बोललं नसतं, ती प्लोव्दिवची. मार्तेझ खिळेवाल्यांची होती.

"देसी," ती म्हणाली, "झेप्पीचं यादीतलं शून्य काढ आणि पुन्हा टाक."

देसीनं टाकले. पैसे आत आले.

दोघी त्या ओळीकडं बघत राहिल्या. यादीत मामासारखे किती असतील, सगळी म्हातारी माणसं, तोंडी सांगणारी. पहिली वाट उघडायची तर अर्धवट वाटेत असलेले पैसे आधी निस्तरायला हवे होते, नाही तर कुणाचे दोनदा जातील. त्याला वेळ लागणार. दुसरा उपाय एकच, आत येणारे सगळेच पैसे थांबवायचे. त्याला दोघांची संमती लागते, एक तिची आणि दुसरी कर्टची.

तिनं कर्टला फोन लावला. त्याच्या मागं कोणीतरी पाण्यात उडी मारली. मार्तेझनं एका दमात सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"शून्यापायी मी आख्खं दुकान बंद करू?"

"दुकान नको. फक्त आत येणारं दार."

"मार्तेझ, चाचणी दुपारी संपतेयच. तोवर कळ काढ. उद्या दुरुस्त करू, ज्यांचे गेले त्यांना गुपचूप परत देऊ. सणाच्या दिवशी असून असून किती माणसं असतील?"

"एक तरी आहे. रेंदीचा. शंभरावर गेलाय."

"कोण आहे?"

"माहीत नाही. उघडणारही नाही." मार्तेझ म्हणाली. "माझा मामा असेल. नसेलही. तू संमती देत नसशील तर तसं लिहून पाठव. म्हणजे आपल्याला कळल्यावर कोणी थांबवलं नाही, त्याचं नाव कागदावर राहील."

कर्ट म्हणाला, "खिळेच आहात तुम्ही लोक," आणि संमती दिली.

मार्तेझनं दार बंद केलं. पडदा थांबला. बाकीचं देसीवर सोपवून ती गाडीत बसली.

सणाच्या दिवशी रेंदीत गाडी शिरत नाही. वेशीबाहेर लावून ती चालत, खरं तर पळत आली. गल्ल्यांत कागदी कपटे घोट्यापर्यंत साचले होते, वरून बॅनर, आणि दर थोड्या वेळानं बार असा उडायचा की छातीत धस्स व्हायचं. आम्ही दारात उभे होतो. मी तिला हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी कोण हे तिला त्या घडीला आठवलं नाही.

मामाचं दार उघडंच होतं. तो टेबलाशी बसलेला, सणाचा नवा सदरा घालून, फोन पुढं पालथा घातलेला.

"बंद झालं," तो म्हणाला. "तूच का?"

"मीच."

तो मान हलवत राहिला. ती त्याच्यासमोर बसली. गेल्या आठवड्यात सुरू केलंस का, असं तिनं विचारलं. याआधी केव्हा, किती वेळा. त्याला राग आला.

"न्हाई गं. उपासापास्नं एकदाबी न्हाई. चेत्ताची आण." मग आवाज खाली आणून, त्याच्या मानानं खाली, तो म्हणाला, "रोज सकाळी नुसतं ढकलून बघतो. पाच टाकतो. परत येत्यात. परत आले की मला बरं वाटतं. लागलंय दार, असं म्हणायचं आन कॉफी ठिवायची."

मार्तेझनं पालथ्या फोनकडं बघितलं.

"आज परत आलं न्हाईत," मामा म्हणाला. "लई वेळ बघत बसलो. म्हटलं येतील. म्हटलं सांता मारियाचा दिस हाय, आपल्याला तिनंच उघडून दिलं का काय. मग वीस टाकलं."

तो जिंकला होता. हेच तिला सगळ्यांत वाईट वाटलं. फोन उलटा करून त्यानं तिला आकडा दाखवला, पोरानं प्रगतीपुस्तक दाखवावं तसा, आणि लगेच पुन्हा पालथा घातला. पुढचे टाकायला गेला तेव्हा दार बंद झालं होतं. जिंकलेल्यात निदान होडीचं इंजिन तरी येईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. हे त्यानं स्वतःच सांगितलं, आणि मग हातानं तोंड झाकलं.

तिनं त्याला शून्याचं सांगितलं. फॉर्म मी भरला, दुसरी वाट मी लिहिली, चूक दोन्हीकडं माझीच. मामाला वाटेतलं काही कळलं नाही. शून्य तर असतंच की, ते कशाला सांगायचं, असं तो म्हणाला. त्याला एकच विचारायचं होतं.

"पुन्हा उघडंल का गं ते?"

कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, कधीच नाही. तिला ते म्हणता आलं असतं. बार उडाला, खिडकीच्या काचा थरथरल्या.

"उघडू शकतं, मामा. माणसानंच बांधलंय ते."

"मग मला रोज बघावंच लागंल."

"तू नको बघूस. मी बघेन, तुला कळवेन. तुझ्या फोनातलं सगळं आता काढून टाकू."

मामानं फोन तिच्याकडं सरकवला, पण त्यावरचा हात लगेच काढला नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं स्वतःच सरकारी ऑफिसात जाऊन झाल्या चुकीची कबुली दिली. कर्टनं ते पत्र तिच्याकडूनच लिहून घेतलं, आणि फॉर्म तिनं भरला होता हेही तिनं त्यात घातलं, तो नको म्हणत असताना. तिला लेखी समज मिळाली. यादीतली शून्याविना नावं शोधली, सणाच्या दिवशी ज्यांची दारं उघडी राहिली त्यांना पैसे परत गेले. मामानं जिंकलेले कंपनीनं काढून घेतले, आणि त्याचं त्याला दुःख झालं हे तो कबूल करतो. लेकीला त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. ती काय म्हणाली ते कळलं नाही, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच तो हळू बोलला.

आता रोज सकाळी दोन्ही वाटांवरून, शून्यासकट आणि शून्याविना, झेप्पीचे पैसे टाकून बघतात. मार्तेझ निकाल बघते आणि गाडीत बसायच्या आधी मामाला फोन लावते. तो हॅलो म्हणत नाही. बंद? असं विचारतो. बंद, ती म्हणते. मग कॉफी ठेवतो.

परवा निकाल यायला उशीर झाला आणि ती तशीच निघाली. म्हटलं पोचेपर्यंत येईल. निकाल आला आणि तेवढ्यात ती सांता वेनेराच्या बोगद्यात शिरून अडकली, पुढं कुणाची तरी गाडी बंद पडलेली, फोन लागेना. बाहेर पडली ती थेट कडेला थांबून तिनं मामाला लावला. वाजला, वाजत राहिला. मागचे भोंगे वाजवत होते. शेवटी त्यानं उचलला.

"बंद आहे मामा," ती म्हणाली. "कधीचंच बंद आहे, मीच बोगद्यात अडकले होते."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"म्या हात लावला न्हाई," तो म्हणाला. "शेजारी गेलो, त्यांचा फोन टेबलावं व्हता. तिथनं उठून आलो. पर लई येळ लावलास गं आज."